लेपर्ड गेकोचं 'डेझर्ट किट': टाकी ठेवा, वाळू फेका

अमेरिकेत लेपर्ड गेको (पाळली जाणारी एक ठिपकेवाली पाल) विकत घेतला की शेजारच्या फळीवरचं 'डेझर्ट किट', म्हणजे वाळवंटी घराचा तयार संच, गळ्यात पडतंच. कंपनी कुठलीही असो, आतला माल साधारण तोच: १० गॅलनची काचेची टाकी, जाळीचं झाकण, लाल बल्ब, चिकटवायचा तबकडीचा थर्मामीटर, एक प्लॅस्टिकची गुहा आणि वाळूची पिशवी.

सगळ्यात वाईट ती वाळू. हा प्राणी अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या मुलखातला. पायाखाली टणक माती आणि दगड, मऊ वाळूचे ढीग नव्हेत. त्यातही 'कॅल्शियम सँड' असेल तर पिशवी उघडूच नका. कॅल्शियम कमी पडलेला गेको ती चाटतो, ती आतड्यात साचते, शी अडते, मग खाणं सुटतं आणि चरबी साठवणारी शेपूट बारीक होत जाते. तळाला सिरॅमिक टाइल टाका किंवा पेपर टॉवेल.

लाल बल्बही काढा. रात्री याला अंधारच हवा. टाकीच्या एका टोकाखाली, तळाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावा, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय नको. मोकळी सोडलेली मॅट काच इतकी तापवते की पोट भाजतं. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) उबदार गुहेत जमिनीला टेकवा आणि ३२ अंश सेल्सियस (९० फॅरनहाइट) ठेवा. दुसरं टोक २४-२५ अंशांवर राहावं. तबकडीचा थर्मामीटर भिंतीजवळच्या हवेचा आकडा सांगतो, गेको बसतो त्या जागेचा नाही. २० इंच लांबीच्या टाकीत एवढा फरक राखणं अवघडच. मोठ्या गेकोला किमान २० गॅलनची 'लाँग' टाकी (३० इंच) घ्या, ४० गॅलनची परवडली तर उत्तम.

गुहा तीन लागतात: उबदार, थंड आणि ओलसर. ओलसर गुहेसाठी दह्याच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस (शेवाळ) भरलं की झालं. ती नसेल तर कात बोटांवर अडकून आवळते, रक्त पोचत नाही आणि बोटं झडतात.

किटात कॅल्शियम पावडर असेल तर ती ठेवा. त्यात डी-३ जीवनसत्त्व आहे का ते मात्र लेबलवर बघा. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर डी-३ खाण्यातूनच मिळायला हवं. खायला द्यायचा किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको.

खोक्यावर ठिपकेवाला गेको आणि हातात पिवळे-काळे पट्टे असलेलं पिल्लू, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. पट्टे वाढीबरोबर तुटून त्यांचेच ठिपके होतात.

एकंदरीत किट घेऊ नये. घेतलंच असेल तर टाकी आणि झाकण आजारी गेकोला वेगळं ठेवायला कामी येईल. उरलेल्या पैशांत पहिल्यांदा थर्मोस्टॅट घ्या.