दक्षिण फ्रान्सची परवडणारी व्हाइट वाइन: पिकपूल, वियोन्ये की लिमू?

लांगदॉक हा फ्रान्सचा भूमध्य समुद्राला लागून असलेला दक्षिणेकडचा पट्टा. ऊन भरपूर, द्राक्षं भरपूर आणि बर्गंडीसारखा नावाचा दबदबा नसल्यामुळे भाव आवाक्यात. पण हेच ऊन व्हाइट वाइनच्या मुळावर येतं. द्राक्ष भराभर पिकलं की साखर चढते, आंबटपणा उतरतो आणि वाइन मिळमिळीत लागते. त्यामुळे इथली बाटली घेताना मी एवढंच बघतो, की हिचा आंबटपणा टिकलाय का, आणि कशामुळे.

पिकपूल हे द्राक्षाचं नाव. आंबटपणा त्याच्या अंगातच असतो, कडक उन्हातही हटत नाही. 'पिकपूल द पिने' या नावाने फक्त व्हाइट वाइनच बनते. पिने आणि आजूबाजूची पाच गावं मिळून तिचा मुलूख. २०१३ पासून तिला स्वतंत्र नामांकन, म्हणजे ठरलेल्या मुलुखाचं कायदेशीर नाव आहे. शेजारीच 'तो' नावाचं खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आहे. तिथे भरती-ओहोटी जवळपास नसते, म्हणून कालवांची पिल्लं सिमेंटने दोरीला चिकटवून कायमची पाण्यात टांगून ठेवतात. हीच कालवं आणि पिकपूल ही तिथली ठरलेली जोडी. वाइन हलकी, लिंबाच्या वळणाची, शेवटी किंचित खारट. तळलेल्या सुरमईवर किंवा बांगड्यावर लिंबू पिळायला विसरलात तरी चालेल. उंच, सडपातळ हिरव्या बाटलीमुळे दुकानात चटकन सापडते. लंडनच्या सुपरमार्केटात १० पौंडांच्या आसपास मिळते. साठवून मात्र ठेवू नका, ताज्या वर्षाचीच घ्या.

वियोन्ये हे द्राक्ष बरोबर उलट. लेबलवर 'पे दॉक' हे या पट्ट्याचं नाव आणि द्राक्षाचं नाव असतं. वास जर्दाळूचा, पीचचा, फुलांचा, आंबटपणा बेताचा. 'व्हाइट वाइन फार आंबट लागते' म्हणणाऱ्या पाहुण्यांसाठी हीच बरी. काजूच्या सौम्य ग्रेव्हीबरोबर छान जमते, झणझणीत रश्श्याबरोबर नाही, कारण अल्कोहोल जास्त असलं की तिखट आणखी भडकतं. मागच्या लेबलवर १४ टक्के दिसलं तर मी बाटली परत ठेवतो.

लिमू हे गावाचं नाव. तिथली वाइन या दोघींपेक्षा महाग, पण माझ्या मते पैसे खरे वसूल इथेच होतात. कार्कासोनच्या दक्षिणेला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी हवा थंड, त्यामुळे द्राक्ष सावकाश पिकतं. द्राक्षं शार्दोने, शेनिन आणि मोझाक. लिमूच्या साध्या, म्हणजे बुडबुडे नसलेल्या व्हाइट वाइनला द्राक्षतोडणी हाताने आणि किण्वन ओकच्या पिंपात, असा नियमच आहे. नाशिकची गोडसर शेनिन पिऊन सवय झालेल्यांना ही कोरडी वाटेल. फेसाळ हवी असेल तर 'क्रेमां द लिमू' बघा: शॅम्पेनसारखंच दुसरं किण्वन बाटलीतच, किंमत बरीच कमी.

मासे असतील तर डोळे झाकून पिकपूल. कोंबडी, मशरूम, चीज असेल आणि थोडे जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर लिमू. वियोन्ये माणूस बघून.

स्वस्त दिसली म्हणून 'मुस्का' या द्राक्षाची बाटली मात्र घाईने उचलू नका. याच भागातल्या फ्राँतिन्यां गावची मुस्का बहुधा गोड आणि वरून स्पिरिट घातलेली असते, जेवणानंतर छोट्या ग्लासातून प्यायची. आणि हा सगळा हिशेब युरोपातल्या दुकानांचा. मुंबई-पुण्यात आयात शुल्क आणि कर लागून हीच पिकपूल स्वस्त राहत नाही.