पिकअपचा मागचा बंपर: टोमॅटो, द्राक्षं आणि उन्हाळ कांदा वाहून झाल्यावर

निफाड-पिंपळगाव पट्ट्यात ज्याच्या दारात बोलेरो पिकअप उभी आहे त्याला तिची दुखरी जागा सांगावी लागत नाही. मागचे दिवे. हौद्याच्या (माल भरायच्या भागाच्या) खाली, अगदी टोकाला, हलक्या पट्टीवर टांगलेले. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीच्या आवारात रांग लागते, मागे कुणाचा ट्रॅक्टर, कुणाचा आयशर ट्रक. मागच्याचा पाय क्लचवरून जरा लवकर सुटला की आपला दिवा गेला. दुसरं दुखणं पायरीचं. हमाल कॅरेट घेऊन फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) बिजागरीवर पाय देऊन चढतो आणि आपण खाली श्वास धरून उभे. या दोन कारणांसाठी मी मागचा बंपर बनवून घेतला. आता त्यावर टोमॅटो, द्राक्षं आणि उन्हाळ कांदा असे तिन्ही हंगाम निघाले आहेत, पावसाळाही झाला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काय बनवलं ते. मुख्य आडवा तुकडा १०० बाय ५० मिमीचा सी-चॅनल (इंग्रजी C सारखी, एका बाजूने उघडी लोखंडी पट्टी), त्याची पाठ मागच्या बाजूला आणि उघडं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला. चेसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) दोन्ही लांब पट्ट्यांना धरायला ८ मिमी प्लेटचे दोन ब्रॅकेट. चॅनलच्या वर पायरी म्हणून ५ मिमीची चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा). दोन्ही टोकं प्लेटने बंद करून गोल घासलेली. ब्रॅकेटच्या प्लेटा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत प्रोफाइल कटिंगवर (यंत्रावर आकारात) कापून आणल्या, बाकी जोडकाम गावातल्या मिस्त्रींकडे केलं. लोखंड, कटिंग, मजुरी, रंग सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास गेले. वजन चाळीस किलोच्या घरात, म्हणजे टोमॅटोच्या दोन कॅरेटइतकं.

बरेच जण विचारतात की चॅनल अजून जाड का नाही घेतला, किंवा चौकोनी पाइप का नाही. चौकोनी पाइप ताकदीला चांगलाच, पिळाला तर जास्तच चांगला. पण तो आतून बंद असतो. आपल्या काळ्या मातीचा चिखल आणि पाणी वेल्डिंगच्या बारीक फटीतून आत गेलं की बाहेर येत नाही, आणि पाइप आतून कुजतो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो तोवर आतला पत्रा कागद झालेला असतो. उघडा चॅनल पाण्याच्या फवाऱ्याने धुता येतो, गंज डोळ्यांना दिसतो, ब्रश मारता येतो. म्हणून चॅनल. आणि जाडी वाढवली की वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे वाढतं, पुढची चाकं तेवढी हलकी होतात. भरलेल्या गाडीत कसारा घाट उतरताना स्टिअरिंगला हलकेपणा नको असतो.

आता खरा मुद्दा. बंपर किती जाड यापेक्षा तो चेसिसला कसा धरला आहे यावर सगळं अवलंबून आहे. मिस्त्री म्हणाले होते, "भाऊ, चेसिसलाच चार टाके मारून टाकू, जन्मात हलणार नाही." मी नको म्हणालो आणि त्यांनी ऐकलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. चेसिसची पट्टी रोज वाकते आणि सरळ होते, खड्ड्याखड्ड्याला. तिथे वेल्डिंग मारलं की टाक्याच्या कडेला लोखंडाचा पोत बदलतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय धक्का बसला तर वेल्ड केलेला बंपर तो सगळा चेसिसला देतो. बोल्टवरचा बंपर आधी स्वतः सरकतो, मग ब्रॅकेट वाकतं, आणि चेसिसची पाळी सगळ्यात शेवटी येते. ब्रॅकेट पुन्हा बनतं. चेसिस वाकली तर गाडी आडवी चालते, टायर खाते.

म्हणून ब्रॅकेट चेसिसच्या उभ्या बाजूला, जिथे आधीची भोकं होती तिथेच बसवले. पट्टीच्या वरच्या-खालच्या आडव्या पाळीला (कडेला) ड्रिल लावलं नाही. वाकताना सगळ्यात जास्त ताण त्या पाळ्यांवरच येतो. बोल्ट १२ मिमीचे, डोक्यावर ८.८ (ताकदीची प्रत) लिहिलेले, खाली जाड वॉशर आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनमुळे सैल न होणारा). टॉर्क रेंचने, म्हणजे कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, ८० न्यूटन-मीटरच्या आसपास कसले. प्रत्येक ब्रॅकेटला वर गोल भोक आणि खाली लांबट, धक्का बसला तर सरकायला जागा असावी म्हणून.

वेल्डिंग सीओटूवर (गॅस आणि सलग तारेच्या मशीनवर) केलं. काडीनेही उत्तम काम होतं, पण काडी कोरडी हवी आणि हात बसलेला हवा; सीओटूत सलग टाका मिळतो आणि टाक्यावरची स्लॅगची खपली फोडत बसावं लागत नाही. आधी गाडीखाली नुसते टाके मारून जागा पक्की केली, मग बंपर उतरवून जमिनीवर पूर्ण वेल्ड केला. एकाच बाजूने सलग ओढत गेलं तर चॅनल धनुष्यासारखा वाकतो, त्यामुळे डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं असं फिरत राहिलो. गाडीवर टाके मारताना बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या होत्या आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावला होता. सीआरडीआय डिझेल इंजिनाच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) उलट करंट गेला तर त्याचा खर्च बंपरच्या कित्येक पट. आणि एक विनंती: दिसायला छान म्हणून ब्रॅकेटचा वेल्ड ग्राइंडरने सपाट करू देऊ नका. घासताना टाकाच पातळ होतो आणि ताकद जाते.

वापराचं सांगतो. रांगेतल्या धक्क्यांना बंपर पुरून उरला. दिवे चॅनलच्या पाठीपेक्षा आत घेतले आहेत, आणि बंपर बसल्यापासून एकही फुटलेला नाही. दिव्यांवर जाळी मुद्दाम लावली नाही, जाळीने उजेड कापला जातो.

खरी परीक्षा टोलच्या रांगेत झाली. मागून दुसऱ्या पिकअपने ठोकलं, वेग फार नव्हता पण आवाज मोठा झाला. तिची जाळी गेली, रेडिएटरचं पाणी रस्त्यावर. माझ्याकडे डावा ब्रॅकेट खालच्या लांबट भोकात साधारण सेंटीमीटरभर सरकला होता आणि चॅनलला जेमतेम दिसेल एवढा बाक आला होता. चेसिस गॅरेजमध्ये कर्णाने मोजून घेतली, जशीच्या तशी. नवे बोल्ट घातले (ताण खाल्लेला बोल्ट पुन्हा वापरायचा नाही), ब्रॅकेट मागे ओढला, संपलं. पण त्या गाडीचं नुकसान बघून वाईट वाटलं हेही खरं. ताठ बंपर आपल्याला वाचवतो तेव्हा मागच्याला जास्त लागतं. म्हणूनच टोकं गोल केली आणि उंची सांभाळली. मोठ्या ट्रकांच्या मागच्या संरक्षक पट्टीसाठी भारतीय मानकात जमिनीपासून ५५० मिमीची मर्यादा आहे, म्हणजे पट्टीची खालची कड त्याहून वर नको. मी आमच्या गाडीलाही तीच पाळली, मोटरसायकल हौद्याखाली घुसू नये एवढ्यासाठी. रात्री वाशीच्या बाजारात माल घेऊन जाताना मागचा मोटरसायकलवाला झोपेत असू शकतो, हे मनातून जात नाही. त्याच कारणाने चॅनलच्या पूर्ण रुंदीला लाल रिफ्लेक्टर टेप लावली. मागे लालच हवी. पांढरी पुढे, पिवळी बाजूला.

या उंचीची किंमत शेतात मोजावी लागते. भरलेल्या गाडीचे पाटे (स्प्रिंग) दबतात, बंपर आणखी खाली येतो, आणि चारीवरून (पाण्याच्या पाटावरून) तिरकं चढताना तो मातीला घासतो. मी चारी सरळ ओलांडतो, जमलं तर भरायच्या आधी.

ओढायचा हूक बंपरच्या मधोमध लावू नका. दिसायला तिथे शोभतो, पण काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढताना चॅनल मधे वाकतो. माझा हूक उजव्या ब्रॅकेटवर, चेसिसच्या थेट रेषेत आहे, त्यामुळे ओढ चॅनलवर न येता सरळ चेसिसला जाते. गेल्या पावसात द्राक्षबागेतून दोनदा तरी तसंच निघावं लागलं, काही हललं नाही.

पायरीबद्दल हमालांचं मत माझ्यापेक्षा महत्त्वाचं. त्यांना उंची पसंत, रुंदी पसंत. पण चेकर प्लेटच्या नक्षीत चिखल बसला की ती घसरते, आणि पावसात कॅरेट डोक्यावर असताना ते चालणार नाही. सध्या दर खेपेआधी झाडून घेतो. दिवाळीनंतर ती प्लेट काढून जाड एक्सपांडेड जाळी (पत्रा ताणून बनवलेली) टाकणार आहे, चिखल खाली पडून जाईल.

रंग ही सगळ्यात कमकुवत बाजू निघाली. खाली रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर काळा एनॅमल. चिखलापर्यंत ठीक होता. मग खताच्या गोण्या आणल्या. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडचंच मीठ, एखादी गोणी फाटली आणि त्यावर पाऊस पडला की समुद्रकाठच्या लोखंडासारखा गंज धरतो. पायरीच्या कडांना रंगाखालून फोड आले. ते घासून आता एपॉक्सी झिंक प्रायमर मारला आहे, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पावडर कोटिंगचाही विचार केला होता, पण गोटा लागून कोट फुटला की पाणी त्याच्या खाली पसरतं आणि घरच्या घरी दुरुस्ती होत नाही.

मायलेजमध्ये मला फरक जाणवला नाही. खडखडाट नाही. बोल्ट पहिल्या काही खेपांनंतर एकदा तपासून कसले, नंतर नटावर मारलेली मार्करची रेघ हललेली नाही. स्टेपनी खाली उतरायला जागा राहील हे मोजूनच ब्रॅकेट आखले होते. हे विसरू नका, नाहीतर पंक्चरच्या वेळी बंपर उतरवावा लागेल. नंबरप्लेट आणि तिचा छोटा दिवा पूर्ण उघडा ठेवा.

कागदाचं. आरसीवरची लांबी-रुंदी बदलू द्यायची नाही, त्यामुळे बंपर हौद्याच्या रेषेबाहेर जात नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घेतलं, विमा कंपनीला कळवलं, आणि त्यानंतरचं फिटनेस पासिंग अडचण न येता झालं. तुमच्याकडेही आधी विचारा, कारण नियमबाह्य बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

पुढच्या बाजूला असाच गार्ड का नाही, हे मिस्त्रींनी विचारलं, भावाने विचारलं, आवारातल्या निम्म्या लोकांनी विचारलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुलबारवर (पुढे लावलेल्या लोखंडी गार्डवर) कारवाई करायला सांगितलं. पण पत्र नसतं तरी मी लावला नसता. गाडीचा पुढचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतो, तो चेपतो म्हणून आतल्या माणसाला कमी लागतं. आणि गावातल्या रस्त्यावर पुढे कोण येतं? शाळेतून सुटलेलं पोर, सायकलवरचे आजोबा. लोखंडी कडेला धडकणं आणि पत्र्याच्या बॉनेटला धडकणं यात त्यांच्यासाठी जीवाचा फरक आहे. या बाबतीत मी कुणाशी तडजोड करायला तयार नाही.

छोट्या हत्तीवाल्यांनी (टाटा एस) हेच मोजमाप जसंच्या तसं उचलू नये. ती गाडी हलकी, तिच्यावर चाळीस किलो मागे टांगणं जड जाईल. ७५ मिमीचा चॅनल, ६ मिमीचे ब्रॅकेट आणि पायरी फक्त एका बाजूला, एवढं तिला पुरेल. बोल्ट मात्र तसेच, आणि चेसिसवर टाका नाही.