लोअर फेसलिफ्ट: कोणती पद्धत पैसे वसूल करते?

जबड्यावर ओघळलेले गाल आणि सैल मान, हे लोअर फेसलिफ्टचे, म्हणजे चेहऱ्याचा खालचा भाग उचलून घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेचे, खरे क्षेत्र. नुसती कातडी ताणून शिवणारी लिफ्ट आमच्या मते घेऊच नये. ताण कातडीवर आला की व्रण रुंदावतो, कानाची पाळी खाली ओढली जाते आणि परिणाम लवकर ओसरतो. ताण घ्यावा तो कातडीखालच्या 'स्मास' (स्नायू आणि तंतूंच्या) थराने. मिट्झ आणि पेरोनी या शल्यविशारदांनी त्याचे वर्णन १९७६ मध्ये केले.

मॅक्स लिफ्ट या छोट्या छेदाच्या पद्धतीत छेद कानापुढेच थांबतो आणि गोलाकार टाक्यांनी स्मास वर उचलतात. सूज कमी, पण मानेवर जास्त कातडी लोंबत असेल तर ही अपुरी पडते. तिथे छेद कानामागे न्यावाच लागतो; हनुवटीखालून प्लॅटिझ्माच्या (मानेच्या पातळ, पसरट स्नायूच्या) कडा मध्यभागी शिवल्या तर मानेवरचे उभे पट्टे बसतात.

डीप प्लेन, म्हणजे खोल थराच्या पद्धतीत, स्मासखाली शिरून गालाला जखडणारे तंतुबंध सोडवतात, मग कातडी आणि स्मास एकत्रच उचलतात. जड गालांना आमची पसंती हिलाच. मात्र चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेच्या (मज्जातंतूच्या) फांद्या तिथून जवळ असतात. शिकाऊ हाताचे हे काम नव्हे.

सर्वांत जास्त दिसणारी गुंतागुंत म्हणजे रक्ताची गाठ, बहुधा पहिल्या २४ तासांत. रक्तदाब आटोक्यात हवा; पुरुषांत धोका जास्त. सिगारेट किमान ४ आठवडे आधी बंद, नाहीतर कानामागची कातडी काळी पडून मरते. आणि मानेवर कानाच्या छिद्राखाली साधारण ६.५ सेंमीवर जाणारी ग्रेट ऑरिक्युलर नस दुखावली, तर पाळी बधिर राहते.