दोन कार्डं, एकच नंबर: महापेच्या ‘डेटा सेंटर माला’त घालवलेले ₹७२,५००

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची बाहेर पडेल. ₹७२,५००. त्यातले ₹१०,००० यूपीआयने आगाऊ दिले आणि उरलेले ₹६२,५०० नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात रोख मोजले. बिल घेतलं नाही, कारण १८ टक्के जीएसटीचे ₹१३,०५० वाचत होते. हो, माहीत आहे. सगळ्यांचं बोलून झालं आहे, घरच्यांचंसुद्धा.

घेतलं काय, तर ठाण्यातल्या छोट्या ऑफिसच्या झेडएफएस (डेटा सांभाळणारी फाइल सिस्टम) सर्व्हरसाठी, डिस्क मशीनला जोडणारी एलएसआय कंपनीची दोन ९३००-८आय कार्डं (₹११,५०० प्रत्येकी), कार्डाला पुष्कळ डिस्क जोडू देणारा इंटेलचा २४ लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट) एक सॅस एक्स्पांडर (₹७,८००; सॅस ही सर्व्हरच्या डिस्कची जोडणी), कार्डापासून एक्स्पांडरपर्यंतच्या एसएफएफ-८६४३ ते ८०८७ अशा दोन केबल (₹१,३५० ची एक), एक्स्पांडरपासून डिस्कपर्यंतच्या तीन केबल (₹१,६०० ची एक) आणि चार टीबीच्या बारा सॅस डिस्क, नग ₹२,९००. बेरीज ₹७३,१००, घासाघीस करून ₹७२,५००. सहाशे रुपये सोडवले म्हणून परतीच्या ठाणे लोकलमध्ये मी खूश होतो.

भाव बघून संशय यायला हवा होता असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो: आता फसवणारे अर्ध्या भावात विकत नाहीत. बाजारभावाच्या शंभर-दोनशे रुपये खालीवर ठेवतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत, तिथून जुना माल उतरतो आणि भंगारवाल्यांमार्फत बाहेर येतो, ही गोष्ट खरीच आहे. खोटी गोष्ट खऱ्या गोष्टीला चिकटवली की तपासायचं कुठून?

कार्ड हेच का, तेही थोडक्यात. झेडएफएसला डिस्क उघडी, थेट लागते. मध्ये रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र करून एकच दाखवणारं) बसलं की ते स्वतःची कॅश घालतं, डिस्कच्या चुका लपवतं आणि स्मार्टची (डिस्कच्या तब्येतीची) माहिती धड पुढे जाऊ देत नाही. एचपीच्या पी४१० या रेड कार्डावर तर एचबीए मोडच (डिस्क थेट दाखवणारा) नाही, प्रत्येक डिस्कचा एकटीचा रेड शून्य करावा लागतो आणि कार्ड मेलं की तसलंच कार्ड शोधत फिरा. जेबॉड मोड (रेड कार्डावर सुट्या डिस्क दाखवणारा) म्हणजे आयटी मोड (एलएसआयचं रेड नसलेलं, डिस्क थेट देणारं फर्मवेअर), असं विकणारा सांगेल. एलएसआयच्याच मेगारेड या रेड कार्डाचा जेबॉड मेगारेडच्याच ड्रायव्हरवर चालतो. आयटी मोडचं कार्ड लिनक्सवर एमपीटी३सॅस ड्रायव्हर पकडतं. मशीनवर कुठला ड्रायव्हर लागला ते बघा, विकणाऱ्याचं तोंड बघू नका. जुनं ९२११-८आय स्वस्त पडतं, पण त्याचं फर्मवेअर २०.००.०७.०० असेल तरच घ्या. विसाव्या फेजच्या सुरुवातीच्या आवृत्त्या गडबडीच्या होत्या. शिवाय रेड हॅट लिनक्स ८ पासून त्याच्या सॅस२००८ चिपचा आधार ड्रायव्हरमधून काढला आहे. डेबियन, प्रॉक्समॉक्सवर अजून चालतं. म्हणून मी सॅस३००८ चिपचं ९३०० निवडलं. निवड चुकलेली नव्हती, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता तो क्षण. गाळ्यात टेबलावर निळी चटई, त्यावर एक उघडं मशीन आणि त्यात एकच मोठा पीसीआय स्लॉट. दुसरा स्लॉट होता, पण “तो जळालाय साहेब”. पहिलं कार्ड लावलं, त्याचीच एक डिस्क जोडली, लिनक्स चालू झालं, सॅस३फ्लॅशने (कार्डाचं फर्मवेअर बघायचं-बदलायचं साधन) यादी दाखवली. फर्मवेअर १६.००.१२.००, म्हणजे ट्रूनॅसवाले (झेडएफएसवर चालणारी स्टोरेज प्रणाली) वापरतात तेच. मी मान डोलावली. मशीन बंद, कार्ड बदललं, पुन्हा तेच. पुन्हा मान डोलावली. दिवा लुकलुकत होता, डिस्क दिसत होती.

फर्मवेअरच्या ओळीच्या बरोबर चार ओळी वर सॅस पत्त्याची (कार्डाच्या ओळख क्रमांकाची) ओळ असते. सोळा अंकी. एलएसआयच्या कार्डांवर तो ५००६०५बी ने सुरू होतो आणि पुढचे नऊ अंक प्रत्येक कार्डाचे वेगळे असतात. माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही वेळा ५००६०५बी आणि पुढे नुसती शून्यं होती. दोन्ही वेळा! मी ते वाचलं. वाचून “अरे, फ्लॅश करताना पत्ता घालायचा राहिला असेल” अशी विकणाऱ्याची बाजू मीच माझ्या मनात मांडली. सगळ्यात खालची ओळ बोर्डच्या ट्रेसर नंबरची, ती कोरी होती. कार्डाच्या पाठीवर मात्र वेगवेगळ्या नंबरांचे दोन सुबक स्टिकर. स्टिकरवरचा पत्ता आणि पडद्यावरचा पत्ता जुळवायला दहा सेकंद लागतात. इतकी वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलोय.

खरं कार्ड एकेक करून कारखान्यातून आपला पत्ता घेऊन निघतं. नक्कल करणारे एकाच फ्लॅशची प्रत शेकडो बोर्डांवर ओततात, म्हणून पत्ता एकच. मशीनमध्ये एकटं कार्ड असेल तर तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणूनच तो दुसरा स्लॉट जळालेला असतो.

माझ्याकडे दोन्ही कार्डं एकाच एक्स्पांडरला जोडायची होती, एक गेलं तरी दुसऱ्या वाटेने डिस्क दिसाव्यात म्हणून. जोडली. एक्स्पांडरच्या हिशेबात एक पत्ता म्हणजे एकच यंत्र. आठ लेनवर एकच पत्ता दिसल्यावर त्याने त्या आठही लेन एका कार्डाचा रुंद पोर्ट धरल्या. मग पहिल्या कार्डाने मागितलेला डेटा दुसऱ्या कार्डाच्या दारात, आणि ते म्हणतं मी कुठे काय मागितलं होतं? लॉगमध्ये टास्क अबॉर्टची रांग, डिस्क गायब, मिनिटाने परत हजर. दोन दिवस मी केबलींना दोष देत बसलो.

पत्ता बदलता येतो. सॅस३फ्लॅशला -ओ -सॅसअ‍ॅड देऊन पुढे पाठीवरच्या स्टिकरचा नंबर घातला, मशीन बंद-चालू केलं, दोन्ही कार्डं वेगळी दिसायला लागली. इथे जर गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलंच नसतं. एलएसपीसीआय या लिनक्स आज्ञेने कार्ड आणि मदरबोर्डमधल्या लिंकची स्थिती पाहिली, तर दुसरं कार्ड आठच्या जागी चारच लेनवर चालत होतं. स्लॉट बदलला, मदरबोर्ड बदलला, तरी चारच. पहिलं कार्ड आठ लेनवर पण स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) लावला की पंधरा-वीस मिनिटांत लॉगमध्ये ‘सॅस होस्ट नॉन-ऑपरेशनल’ आणि पुढे चार उद्गारचिन्हं. हीटसिंक उचकटून पाहिलं तर खाली पेस्टच्या जागी वाळलेली पांढरी पापडी. या कार्डांना मिनिटाला २०० फूट वेगाने हवा लागते, ती रॅक सर्व्हरमध्ये आपोआप मिळते, डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये मिळत नाही. खऱ्या कार्डालाही समोर पंखा बांधाच. ठाण्याच्या मे महिन्यात तर बांधाच बांधा. माझ्या कार्डावर नवी पेस्ट आणि ८० मिलिमीटरचा पंखा लावूनसुद्धा ते तासाभरात पडलं.

एक्स्पांडर मात्र अस्सल निघाला. केबलीही बऱ्या होत्या. (केबलींवरून आठवलं: ८०८७ ते चार साटा (साध्या डिस्कची जोडणी) अशी केबल घेताना ‘फॉरवर्ड’ आहे का विचारा. ‘रिव्हर्स’ दिसायला डिट्टो तशीच असते, पण ती मदरबोर्डच्या साटा पोर्टांपासून बॅकप्लेनकडे (डिस्क बसतात त्या पाटीकडे) जाणारी. आणि सॅस डिस्क साटा केबलमध्ये बसतच नाही, एसएफएफ-८४८२ चं टोक लागतं.)

डिस्कची कथा वेगळी. बाराच्या बारा मोठ्या स्टोरेज कॅबिनेटमधल्या, ५२० बाइट सेक्टरच्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात छोटा कप्पा; साध्या मशीनला ५१२ चा लागतो). लिनक्स म्हणतं आधार नसलेला सेक्टर आकार, आणि डिस्क शून्य बाइटची दाखवतं. यात फसवणूक नाही, एसजी_फॉरमॅट या साधनाने साइज ५१२ करून घेता येतं. चार टीबीच्या डिस्कला सात-आठ तास जातात, बारा एकदम लावता येतात, मध्ये वीज गेली तर पहिल्यापासून. यूपीएसशिवाय हात लावू नका. बारांपैकी तीन फॉरमॅटमध्येच मेल्या. उरलेल्या नऊंवर स्मार्टसीटीएल (स्मार्टची माहिती वाचणारं, स्मार्टमॉनटूल्समधलं साधन) चालवलं तर चालू तास ३१२. तयार झाल्याचं साल २०१४! सेल्फ-टेस्टच्या नोंदी काढल्या, तर त्यात जुनी चाचणी ४१,८७० तासांवर झालेली. वरचा मीटर फिरवला होता, खालची वही फाडायला विसरले. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टमॉनटूल्स ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने फार्म लॉगही (डिस्कच्या आतली सीगेटची स्वतःची नोंदवही) वाचा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या वापरलेल्या डिस्कचं पितळ याच लॉगने उघडं पाडलं होतं. वापरलेली डिस्क विकणं गुन्हा नाही. मी वापरलेलीच घेत होतो. ‘वर्षभरसुद्धा चाललेली नाही’ हे सांगून प्रत्येकी ₹२,९०० घेणं, याला काय म्हणायचं?

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्या दिवशी “पाठवून द्या, बदलून देतो”, दुसऱ्या दिवशी “तुम्ही फ्लॅश केलंत, वॉरंटी गेली”, तिसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. गाळ्यावर गेलो तर शटर बंद. शेजारचा म्हणाला, महिन्याच्या भाड्यावर होते.

मग सुरू झाली दुसरी वारी. ठाण्यातलं पोलीस ठाणं म्हणालं व्यवहार महाप्याला झाला, नवी मुंबईला जा. नवी मुंबईतलं ठाणं म्हणालं तुम्ही राहता ठाण्यात, पैसे पाठवले ठाण्यातून, तिकडेच द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, हे मी छापून नेलं होतं. कागद बघून साहेब म्हणाले, “वकील आहात का?” कार्ड टेबलावर ठेवून समजावलं. “याचा दिवा लागतो ना?” लागतो. “मग चालतंय की.” पत्ता, लेन, तास, सगळं दहा मिनिटं सांगितल्यावर उत्तर आलं की माल मिळाला आहे, दर्जाबद्दल तक्रार आहे, ही दिवाणी बाब. रोखीचा पुरावा काय? नाही. म्हणजे तक्रार फार तर दहा हजारांची. आणि दहा हजार तर तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला नाही, मग सायबर कसं? तीन हेलपाटे, दोन अर्ज, एका अर्जावर शिक्का मिळाला तोही “फक्त आवक” असा. फसवणुकीसाठी न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते बहुधा दुसऱ्या कुणासाठी असावं.

तुम्ही माझ्यासारखं तीन दिवस गप्प बसू नका. यूपीआयने पैसे गेले असतील तर पहिल्या तासातच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, पण २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक हेतूने माल घेणाऱ्याला ग्राहक मानत नाहीत. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर सवलत आहे, ते अर्जात स्पष्ट लिहा. बिल ऑफिसच्या नावावर हवं की स्वतःच्या, हे खरेदीच्या आधी ठरवा. माझ्याकडे कुठल्याच नावावर नाही.

सध्या नऊ डिस्क, एक्स्पांडर आणि केबली वापरात आहेत, कार्ड लॅमिंग्टन रोडवरून बिलासह घेतलं, एकच, ₹१३,२००. दुकानदाराने न विचारताच सॅस पत्ता आणि स्टिकर शेजारी धरून दाखवले.

महाप्याची जाहिरात परवा पुन्हा दिसली. नाव नवीन, नंबर नवीन, ९३००-८आय आता ₹१०,९००, पण फोटोत तीच निळी चटई. कुणी जाणारच असेल तर दोन स्लॉटचं स्वतःचं मशीन घेऊन जा आणि दोन्ही कार्डं एकदम लावायला सांगा.