संगणकाविना संगणकीय विचार: ‘सीएस अनप्लग्ड’चे पाठ वापरून पाहिल्यावर

आमच्या वाचनालयाच्या रविवारच्या बालवर्गात मुले बारा आणि संगणक एकच, त्यामुळे संगणकीय विचारपद्धती, म्हणजे प्रश्न टप्प्याटप्प्याने, ठरावीक रीतीने सोडवण्याची पद्धत, शिकवण्यासाठी मी न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून चालणाऱ्या ‘सीएस अनप्लग्ड’ या उपक्रमाचे पाठ निवडले. टिम बेल, माइक फेलोज आणि इयन विटन यांनी मुळात आखलेले हे पाठ विनामूल्य छापून घेता येतात आणि त्यांना कागद, खडू व दोरी एवढेच साहित्य पुरते.

त्यांतील सर्वांत सरस पाठ चिखलाच्या गावाचा आहे. कोणत्याही घरातून दुसऱ्या कोणत्याही घरी कोरड्या पायांनी जाता यावे, पण रस्त्यांवर फरशा कमीत कमी लागाव्यात, असा नकाशा मुलांपुढे ठेवायचा. मुले आधी अंदाजाने रेघा ओढतात. मग सर्वांत आखूड रस्ता प्रथम घ्यावा, आणि जो घेतल्याने फिरून त्याच घरी पोहोचण्याची दुसरी वाट तयार होईल तो सोडून द्यावा, ही रीत त्यांना स्वतःलाच सापडते. चेक गणितज्ञ ओतकार बोरूव्का यांनी १९२६ मध्ये मोराव्हिया या त्यांच्या देशातील प्रांताच्या विजेच्या जाळ्यासाठी हाच प्रश्न सोडवला होता. आमच्या मुलांनी गणेशोत्सवात मंडपाभोवतीच्या दिव्यांची अंतरे पावलांनी मोजून कमीत कमी वायरचा आराखडा काढला. वायरमनने मात्र एका वायरवर किती दिव्यांचा भार येईल तेही पाहायला सांगितले आणि मुलांना आराखडा बदलावा लागला. माझ्या मते त्या दिवशीचे खरे शिक्षण ते होते.

पत्त्यांची जादूही तितकीच उपयोगी ठरली. पाच ओळी आणि पाच स्तंभांत एक बाजू रंगीत व दुसरी पांढरी असलेले पत्ते मांडायचे, प्रत्येक ओळीत व स्तंभात रंगीत बाजूंची संख्या सम होईल असे सहावे पत्ते लावायचे; मग आपण पाठमोरे असताना कोणी एखादा पत्ता उलटला, तरी जिथे विषम ओळ आणि विषम स्तंभ एकमेकांना छेदतात तिथे तो सापडतो. वर्गणीच्या वहीतील आडव्या आणि उभ्या बेरजा जुळवून चुकीचा आकडा शोधण्याची आपली जुनी पद्धत याच तत्त्वावर चालते, हे एका मुलीने न सांगता ओळखले. एकाच ओळीत दोन पत्ते उलटले तर ती ओळ सम भासते, हेही मुलांना करून दाखवावे.

उणीव अशी की मला हे साहित्य मराठीत मिळाले नाही. प्रत्येक पाठ स्वतः मराठीत उतरवण्यात माझे दोन-तीन तास गेले. द्विमान अंकांचे (फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याच्या पद्धतीचे) १, २, ४, ८, १६ ठिपक्यांचे पत्ते मुलांना आवडतात आणि त्यांतून ० ते ३१ हे अंक सहज तयार होतात, परंतु घरातल्या कोणत्याही प्रश्नाशी त्यांचा सांधा मला जुळवता आला नाही. दहा वर्षांवरील मुलांसाठी सुरुवात चिखलाच्या गावापासूनच करावी आणि नकाशा पहिल्याच दिवशी आपल्या वाडीचा काढून घ्यावा.