आठ महिने बँड वापरला, आता सिंकबद्दल मनापासून सांगतो

बाबांच्या हातावर हा फिटनेस बँड बांधून आठ महिने झाले. स्क्रीन उन्हात नीट दिसते, पट्ट्याने हाताला पुरळ वगैरे आलं नाही, एकदा चार्ज केला की आठवडा सहज निघतो, त्यावर यापेक्षा जास्त काही लिहायचं नाहीये. मला लिहायचंय ते सिंकबद्दल, कारण बँडने मोजलेलं फोनवर पोचलंच नाही तर ते नुसतं घड्याळ आहे आणि घड्याळ बाबांकडे आधीच होतं. त्यांची अँजिओप्लास्टी झालीये, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, मी दुसऱ्या गावात राहतो, तर त्यांचं चालणं, झोप आणि पल्स मला माझ्या ॲपमध्ये दिसावी एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप केला.

पहिले तीन आठवडे अगदी मस्त गेले. मग एका सकाळी ॲप उघडलं तर पल्सची रेघ रात्री पावणेबाराला तुटलेली, त्यापुढे सगळं कोरं. पोटात गोळाच आला. तसाच फोन लावला, दोन रिंग गेल्या, तिसऱ्या रिंगला बाबांनी उचलला आणि म्हणाले, "अरे दाढी करतोय, काय झालं एवढ्या सकाळी?" मी नुसता खाली बसलो. नंतर कळलं की आदल्या रात्री झोपताना त्यांनी फोनमधली सगळी ॲप्स वर सरकवून बंद केली होती, बॅटरी वाचते असं कुणीतरी सांगितलं म्हणून, आणि लोकेशनही बंद करून ठेवलं होतं.

मी फोनवरून सांगून सांगून बघितलं, ब्लूटूथ बंद-चालू करा, ॲप उघडा, बँड जवळ धरा, पण काहीच होईना. शेवटी रविवारी घरी गेलो आणि तिथे बसून कंपनीच्या कस्टमर केअरशी चॅट केलं. त्यांचं पहिलंच उत्तर होतं, बँड अनपेअर करून रिसेट करा. मी केला. दोन मिनिटांत बँड जोडला गेला, सिंकचं गोल चक्र फिरलं, हिरवी खूण आली, आणि मागचे सहा दिवस कायमचे गेले. कारण ते सहा दिवस फोनवर नव्हते, सर्व्हरवर नव्हते, फक्त बँडच्या मेमरीत होते आणि मी ती मेमरीच पुसली होती. नेमक्या त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गोळी बदलली होती, त्यामुळे ते आकडे आम्हाला खरंच हवे होते. बाबा म्हणाले, "जाऊ दे रे, चाललो तर मी आहेच ना." पण मला अजून वाईट वाटतं, कारण रिसेटच्या आधी एका ओळीत इशारा दिला असता तर हे झालं नसतं.

म्हणून ज्यांचा सिंक अडकलाय त्यांना हात जोडून सांगतो, रिसेट अगदी शेवटी. फोनपासून लांब असतानाही बँड मोजत राहतो आणि आपल्याजवळ साठवत राहतो, आमच्या बँडमध्ये सविस्तर डेटा सात दिवस राहतो आणि त्यानंतर जुन्यावर नवीन लिहिलं जातं. म्हणजे ॲपमध्ये कोरं दिसतंय याचा अर्थ डेटा गेला असा नाही, बहुतेक वेळा तो मनगटावरच अडकलेला असतो आणि तुमच्याकडे तो सोडवायला काही दिवस असतात.

आमच्याकडे खरं कारण अगदी साधं निघालं. बाबांचा फोन अँड्रॉइड ११ चा, आणि अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परमिशन लागते आणि वर लोकेशन चालूही असावं लागतं. लोकेशन बंद म्हणजे बँड शेजारी ठेवला तरी ॲपला तो सापडत नाही. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी जवळपासच्या डिव्हाइसची वेगळी परमिशन आली, त्यामुळे नवीन फोनवाल्यांनी ती दिलीये का ते बघा. दुसरी गोष्ट बॅटरीची. अँड्रॉइड ६ मध्ये डोझ नावाचा प्रकार आला, फोन पडून राहिला की तो ॲप्सना झोपवतो, आणि काही फोन कंपन्या त्यावर आपलं आणखी कडक बॅटरी सेव्हिंग लावतात. सेटिंगमध्ये जाऊन या एका ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन काढून टाका, फरक लगेच कळतो. बाबांच्या फोनवर हे दोन्ही केल्यापासून रेघ तुटलेली नाही, फक्त एकदा बँड चार्जिंगला लावून विसरले होते तेवढाच अपवाद.

आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा समजली. मी बँडचा हार्ट रेट एका दुसऱ्या व्यायामाच्या ॲपला थेट जोडून बघितला, लगेच जोडला गेला, तेव्हा वाटलं की चला, कंपनीच्या ॲपची कटकटच संपली. तसं नाहीये. चालू क्षणाचे ठोके पाठवायची ब्लूटूथमध्ये ठरलेली एक सर्वमान्य पद्धत आहे, त्यामुळे बँडमध्ये हार्ट रेट ब्रॉडकास्टची सोय असेल तर ते कुठलंही ॲप वाचू शकतं, पण रात्रभर साठवलेली झोप आणि मागच्या दिवसांचा हिशोब बाहेर काढायची पद्धत प्रत्येक कंपनीची आपापली असते, तो डेटा तिच्याच ॲपमधून येतो. म्हणजे ते ॲप काढून टाकलं की साठवलेल्या डेटाचं दारच बंद.

बाबांचं बस्तान बसल्यावर मी स्वतःलाही तोच बँड घेतला, यावरून मला तो आवडलाय हे कळेलच. माझा फोन अँड्रॉइड १४ चा, त्यात हेल्थ कनेक्ट (वेगवेगळ्या ॲप्सचा आरोग्याचा डेटा एका जागी ठेवणारी सोय) सिस्टिममध्येच येतं, आधीच्या फोनवर ते वेगळं ॲप म्हणून टाकावं लागायचं. काम छान आहे, बँडचं ॲप त्यात लिहितं आणि दुसरी ॲप्स त्यातून वाचतात, कुणाला काय वाचू द्यायचं ते आपण ठरवायचं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे नवीन ॲपला परमिशन दिली की साधारणपणे त्याला आधीच्या तीस दिवसांचाच डेटा दिसतो, जुन्यासाठी वेगळी परवानगी असते, त्यामुळे मागचं वर्ष गायब झालं म्हणून घाबरू नका. दुसरं म्हणजे पावलं दुप्पट दिसणं. माझ्या एका वजनाच्या ॲपमध्ये सात हजारांच्या जागी जवळजवळ चौदा हजार पावलं दिसायची, कारण बँडही मोजत होता आणि खिशातला फोनही. हेल्थ कनेक्टमध्ये कुठल्या ॲपला पहिला मान द्यायचा तो क्रम लावता येतो आणि एकूण बेरीज मागितली तर ते दुबार नोंदी वगळून देतं, पण एखादं ॲप सुट्या नोंदी घेऊन स्वतःच बेरीज करत असेल तर दुप्पटच होणार. मी शेवटी फोनची पावलं मोजणंच बंद केलं, प्रश्न मिटला.

आयफोनवर याच कामाचं ॲपलचं हेल्थ ॲप २०१४ पासून आहे, ते मी बहिणीच्या फोनवर बघितलं. तिथे फोन लॉक असताना ॲप्सना आरोग्याचा डेटा वाचता येत नाही, त्यामुळे अनलॉक केल्यावर थोड्या वेळाने आकडे बदललेले दिसले तर ते तसंच असतं.

पाचपैकी बँडला चार, त्याच्या ॲपला अडीच. शेवटचा सिंक कधी झाला ते ॲपमध्ये तीन स्क्रीन आत लपवलंय, ते पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात पाहिजे, कारण लांब राहणाऱ्या माणसाला पल्सच्या आकड्याआधी तो आकडा कधीचा आहे हे कळायला हवं. कंपनीला हे दोनदा लिहून पाठवलंय, अजून उत्तर नाही. तोवर बाबा रोज सकाळी दाढी झाली की ॲप उघडून खाली ओढतात, चक्र फिरून थांबलं की मला मेसेज येतो, "पोचलं का?"