व्हिसाला पाच स्टार, 'आयडेंटिटी सपोर्ट'ला एक, तो बी चहामुळं

संभाजीनगरातल्या एका परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीचा हा रिव्ह्यू आहे, नाव टाकत नाही कारण तिथल्या दोन पोरींनी माझी फाईल अक्षरशः स्वतःच्या भावाची असल्यासारखी केली आणि माझ्या बोलण्यानं त्यांची नोकरी जायला नको. मी परभणीचा, बीएस्सी संभाजीनगरला, मास्टर्स इंग्लंडात. पहिलं चांगलं सांगतो. व्हिसाचं काम एक नंबर. बँकेत पैसे सलग २८ दिवस पडून लागतात, एक दिवस कमी भरला तरी फाईल बोंबलती, हे आमच्या पप्पांना चारदा समजावून सांगितलं आणि चारी वेळेस न चिडता. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी व्हिसासोबत भरायचे पैसे, वर्षाला ७७६ पाउंड, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासच काम, सगळं आधीच सांगितलं, काही लपवलं नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. फी भरताना चहा पाजून म्हणले सहा हजार जास्तीचे भरा, 'डायव्हर्सिटी अँड आयडेंटिटी सपोर्ट' पॅकेज आहे, त्यात एक झूम सेशन, एक मेंटर आणि तिथल्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप. नाव ऐकून मला वाटलं चला, कोणीतरी आपल्यासारख्याचा विचार केलाय.

सेशन दीड तासाचं. त्यातला तासभर थंडीचे कपडे, ॲक्सेंट आणि दिवाळीला इंडियन सोसायटीत जेवण फुकट असतंय यावर गेला. रस्त्यावर कोणी 'गो बॅक' म्हणलं तर इग्नोर करा, एवढंच. बीडची एक पोरगी होती, हिजाबवाली, तिनं नमाजाच्या खोलीचं विचारलं तर म्हणे ते युनिव्हर्सिटीला मेल करून विचारा, आणि मंदिरांची यादी मात्र पीडीएफमधी रेडी. शेवटी मी विचारलं, सर तिकडं आपल्याच लोकांत जातीचं काही असतंय का. सर हसले. "अरे तिकडं सगळे ब्राऊनच, असलं काही नसतं." माईक म्यूट झाला, मी बी गप बसलो.

मग तो ग्रुप. रूम शोधायला लागलो तर प्रत्येक जाहिरातीखाली 'फुल नेम प्लीज'. मला वाटलं ॲग्रीमेंटला लागत असंल. एकानं फोटो पाठवले, भाडं ठरलं, डिपॉझिट कधी टाकू इथपर्यंत आलं, मग आडनाव विचारलं, मी सांगितलं, तासाभरात मेसेज, सॉरी भाई रूम गेली. दोन दिवसांनी त्याच रूमचा तोच फोटो, खिडकीतलं तेच वाळत टाकलेलं टॉवेल, ग्रुपवर परत. मेंटरला स्क्रीनशॉट टाकला तर म्हणतो ॲडजस्ट कर यार, व्हेजवाले असतील. मी तर विचारलं बी नव्हतं की अंडं चालतंय का! आईनं दिलेल्या येसर मसाल्याचं पाकीट उघडायच्या आधीच आपलं सगळं लोकांना कळालेलं असतंय, हे सहा हजारात शिकलो.

तुलना म्हणून युनिव्हर्सिटीच्या सपोर्टचं बी सांगतो, कारण तो फुकट होता. तक्रारीचा ऑनलाईन फॉर्म आहे, नाव न देता बी भरता येतो. त्यात रेस, धर्म, अपंगत्व, सेक्शुअल ओरिएंटेशन असे पर्याय, जात कुठंच नाही, मी 'अदर'मधी लिहिलं. ॲडव्हायझर बाई गोऱ्या, पहिली मीटिंग मी त्यांना जात म्हणजे काय हे समजावण्यातच गेली, आडनावावरून कळतं हे त्यांना खरंच पटंना, बाहेर आलो तर डोकं दुखायलं होतं. पण दुसऱ्या वेळेस बाई वाचून आल्या होत्या राव. त्यांनीच दाखवलं की तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात नऊ गोष्टींवरून भेदभाव करायला बंदी आहे, पण जात त्यात वेगळी लिहिलेली नाही. २०१३ ला तिथल्या संसदेनं घाला म्हणलं होतं, २०१८ ला सरकारनं सांगितलं की कोर्टाच्या निकालांवर भागंल, वेगळं कलम नको. पण २०१४ च्या एका निकालानं काही केसेसमधी जात 'एथनिक ओरिजिन'मधी, म्हणजे वांशिक मुळात, बसू शकती. रूम काही परत मिळाली नाही, तरी त्यांनी मला हॉस्टेलमधी जागा लावून दिली आणि 'तुम्ही गैरसमज करून घेतलाय' असं एकदाबी म्हणल्या नाहीत. त्याचं मोल वेगळं.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं २०२२ ला आपल्या भेदभावविरोधी पॉलिसीत 'जात' शब्द सरळ घातलाय, सिएटल शहरानं २०२३ ला कायदाच केला. हे सरांच्या पीडीएफमधी पाहिजे होतं, मंदिराच्या पत्त्यांखाली दोन ओळींची जागा होती की.

एक गोष्ट आठवली, लंडनला १० किंग हेन्रीज रोडला गेलो होतो, बाबासाहेब तिथं राहायचे, २०१५ ला महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं. बाहेर पाऊस, आत मी आणि नागपूरचं एक जोडपं. आडनावं सांगितली, कोणी विचारलं नव्हतं तरी सांगितली आणि मग त्यांच्याकडच्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली.

तर व्हिसाचं काम डोळे झाकून द्या, ते पॅकेज घेऊ नका. आता सुट्टीला आलोय तर कन्सल्टन्सीवाल्यांचा फोन, तूच मेंटर हो, सेशनचे आठशे देतो. म्हणलं होतो, पण आधी ग्रुपमधी 'फुल नेम प्लीज' विचारणं बंद करा आणि त्या बीडच्या पोरीला नमाजाच्या खोलीचं उत्तर शोधून द्या. बोलून सांगतो म्हणले. त्याला आता तीन आठवडे झाले.